जोवर, तोवर आणि नाय

आत्मकथन म्हातारपणी लिहायचं असतं, असं मला पुष्कळांनी बजावलं. माझे केस अजून काळे आहेत, माथेरानचा चढ मी न थांबता चढते, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ती बहुतेक माणसं उलट उत्तर द्यायला हयात आहेत. मला हीच वेळ योग्य वाटते. माणसं गेल्यावर त्यांच्या तोंडी हवं ते घालता येतं. इथे मी एखादं वाक्य वाकडं लिहिलं, तर आई उद्या सकाळी भाकऱ्या थापताना मला विचारील, ‘मी आसं कवा बोल्ले गं?’ त्या धाकात लिहिलेलं बरं असतं.

आमचं घर पोशीरला. घराच्या पडवीत बाबांचं छपाईचं मशीन. कुणाच्या तरी बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेलं ते जुनं मिनी ऑफसेट बाबांनी स्वतः खोलून, पुसून चालतं केलं होतं. ते कागद उचलायचं तेव्हा फुस्स व्हायचं आणि टाकायचं तेव्हा खटाक. फुस्स-खटाक, फुस्स-खटाक. त्या ठेक्यावर मी झोपले, उठले, अभ्यास केला. वीज गेली की ठेका तुटायचा आणि मला जाग यायची. पलीकडे स्वयंपाकघरात आईची तांदळाची भाकरी परातीत थप-थप फिरत असायची. दोन्ही आवाज एका लयीत आले की बाबा ओरडायचे, ‘आज जुळलंय!’ आणि आई म्हणायची, ‘जुळलंय तर या जेवायला, वाल गार व्हतायत.’ बाबा हात रॉकेलनं पुसून, साबणानं धुवून पानावर बसायचे, तरी सुकटीच्या चटणीला रॉकेलचा वास लागायचाच. इतरांच्या घरी सुकट खाल्ली की मला काहीतरी कमी वाटायचं.

लग्नपत्रिका आणि बिलबुकं हे आमचं पोट. पत्रकं हा बाबांचा जीव. डोंगरातल्या वाडीला पाणी मिळावं म्हणून पत्रक, रस्त्यात जमीन जाणाऱ्यांचं पत्रक, एसटी बंद केली म्हणून पत्रक. बिघडलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. मी अडखळत वाचलेला पहिला जोडाक्षराविना शब्द ‘निषेध’ होता. माझं नावही बाबांनी ठेवलं क्रांती. शाळेत ‘क्रांती, खाली बस’ हे वाक्य मी इतकं ऐकलं की बसायची चीडच आली.

पत्रकाचा मजकूर लोक सांगायचे आणि बाबा लिहायचे. माणूस सांगायचा, ‘आमाला पानी नाय.’ बाबा लिहायचे, ‘आम्हाला पाणी नाही.’ कुणी स्वतः लिहून आणलं तर बाबांचं लाल पेन प्रत्येक ‘नाय’वर फिरायचं. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘कागद साहेबापुढं जातो. साहेब आधी भाषा बघतो, मग मागणी. त्याला नाक मुरडायला जागा ठेवायची नाही.’ आणि हेच बाबा चिडले की पडवीतून आवाज यायचा, ‘नाय देनार म्हंजे नाय देनार!’ आई आतून म्हणायची, ‘लाल पेन आनू का?’

मी खालापूरजवळच्या कॉलेजात संगणकशास्त्राला गेले. मराठी शाळेतून आलेली आम्ही बरीच होतो. पहिल्याच सत्रात लूप शिकवला. गोष्ट साधी असते. संगणकाला एखादं काम पुन्हा पुन्हा करायला सांगायचं आणि कधी थांबायचं तेही सांगायचं. थांबायची अट चुकली तर तो एक तर कामाला हात लावत नाही किंवा थांबतच नाही. एवढंच. पण फळ्यावर इंग्रजी शब्द आले, कंस आले, आणि माझ्या शेजारची मुलं ते आरतीसारखं पाठ करू लागली. रोज शेतावर, घरात, पाण्याच्या नळावर शेकडो लूप जगणारी ही मुलं, लूप म्हणजे काय ते माहीत नसल्यासारखी माना खाली घालून बसायची. माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. सगळ्यांनी वाचनालयाची किंवा हजेरीची व्यवस्था केली. दर वर्षी तीच वाचनालयं, तीच हजेरी. मी ठरवलं, मराठीतून संगणकाला कामं सांगायची भाषा करायची. नाव ठेवलं ‘हाक’.

हाकेला लूप कसा द्यायचा हे मला पडवीतच सापडलं. धरण्याचं पत्रक छापून निघत होतं आणि मी गठ्ठे लावत होते. वर मोठ्या टाइपात होतं, ‘जोवर मागण्या मान्य होत नाहीत, तोवर आम्ही उठणार नाही.’ हातातला गठ्ठा तसाच राहिला. बाबांच्या प्रत्येक पत्रकात लूप होता! अट होती, काम होतं, थांबायची वेळ होती. ‘जोवर’नं उघडायचं, ‘तोवर’नं अट मिटायची, पुढे काम. कंस नकोत, महिरपी नकोत. ‘जोवर हंडा भरला नाही तोवर कळशी ओत.’ पोशीरच्या कुठल्याही मुलाला हे वाक्य शिकवावं लागत नाही.

उरलेले शब्द जेवणाच्या पानावर ठरले. लूप मधेच तोडायला एक शब्द हवा होता. बाबा म्हणाले, ‘खंडित करा.’ मी म्हटलं, लांब होतो. ते म्हणाले, ‘मग स्थगित.’ आई भात वाढत होती. तिचा हात तसाच थांबला.

‘कोन जेवताना म्हनतं स्थगित? मी वाढत जाते, तू काय म्हनतेस मला?’

‘बास.’

‘मग तेच लिव की. येवढं शिकलीस आन् बास म्हनता येत नाय?’

‘बास’ राहिला. त्या दिवशी पाहुणी आलेली आत्याही पंगतीला होती आणि तिनं मला नकळत आणखी एक गोष्ट दिली. आई आधी विचारते, ‘वाढू?’ आणि मग वाढते. आत्या आधी डाव रिकामा करते आणि मग विचारते, ‘वाढू ना?’ आईच्या हातून पोट भरलेला माणूस सुटतो. आत्याच्या हातून कुणी सुटत नाही, एक डाव तरी पोटात जातोच. जगातल्या मोठमोठ्या संगणकभाषांत लूपचे हे दोन प्रकार वेगळे शिकवतात आणि परीक्षेत त्यांच्यातला फरक विचारतात. मी वहीत एकाच्या पुढे आई लिहिलं आणि दुसऱ्याच्या पुढे आत्या. पंगतीत उपासवाला आला तर त्याचं पान सोडून वाढपी पुढच्या पानावर जातो. त्यासाठी शब्द घेतला ‘पुढं’. बाबांनी त्याचं ‘पुढे’ केलं. आई म्हणाली, ‘आमच्या तोंडचं एक तरी अक्षर ऱ्हाऊ द्या त्यात.’ बाबा म्हणाले, ‘कॉलेजात जायचंय ते. शुद्ध पाहिजे.’ मीही शुद्धच्या बाजूनं होते. मागण्या शुद्ध भाषेत गेल्या तरच त्या मागण्या, हे माझ्या रक्तात होतं.

एक नियम मात्र मी बाबांना न विचारता केला. इतर संगणकभाषा एखादा शब्द अनोळखी दिसला की लाल अक्षरात खेकसतात आणि काम टाकून देतात. मला ते सरकारी खिडकीसारखं वाटायचं. हाकेत मी ठरवलं, अनोळखी शब्दावर खेकसायचं नाही. तो बाजूला ठेवायचा आणि जेवढं कळलं तेवढं करायचं. कुणी ‘जोवर आमचा तांब्याचा हंडा’ असं लिहिलं, तर ‘आमचा तांब्याचा’ सोडून द्यायचं, हंडा घ्यायचा. मला हा नियम फार उदार वाटत होता.

आमचे विभागप्रमुख सामंत सर. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, आणि कुणी मराठीत प्रश्न विचारला तरी उत्तर इंग्रजीत; इथे ते मी मराठी करून देतेय. माझा प्रकल्प त्यांनी पहिल्या पानावरच मिटला.

‘क्रांती, खाली बस. हे जोवर-तोवर घेऊन तू मुलाखतीला जाणार? तुला कोण उभं करील? आपली पोरं कशीबशी इंग्रजीत शिरतायत, तू त्यांना मागे ओढतेस.’

‘सर, त्यांना लूप कळतो. फक्त शब्दांना घाबरतात.’

‘इथे लिहिलंयस, इंग्रजी न येणारी मुलं एका बैठकीत शिकतील. हा दावा आहे. दावा सिद्ध करावा लागतो.’

‘करते.’

‘परीक्षेच्या दिवशी मुलं आण. बाहेरच्या परीक्षक असतील. त्यांच्यासमोर मुलांनी स्वतःहून लूप लिहिला पाहिजे, तू हात लावायचा नाही. चाललं तर ठीक. नाही चाललं तर प्रकल्प नापास, पुढच्या वर्षी परत ये आणि वाचनालय कर.’

आता मागे वळून पाहते तेव्हा सामंत सर मला दुष्ट वाटत नाहीत. त्यांनी गावातली हुशार मुलं मुलाखतीत गप्प बसलेली पाहिली होती. पण तेव्हा माझ्या कानात ‘मागे ओढतेस’ हे दोन शब्द घणासारखे वाजत होते. नापास होण्यापेक्षाही भीती वेगळी होती. हाक पडली असती, तर ‘मराठीत हे होत नाही’ हे वाक्य त्या कॉलेजात कायमचं बसलं असतं आणि ते बसवायला मीच कारण झाले असते.

आई शाळेत मुलांची खिचडी शिजवायची, त्यामुळे गावातलं प्रत्येक मूल तिला काकी म्हणायचं आणि तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. गुरुजींची आणि घरच्यांची परवानगी तिनंच घेतली. बाबांनी कागद आणायचा आपला टेंपो काढला. मुलं मागे कागदाच्या रिमांवर बसली, आई त्यांच्यात मांडी घालून. नेरळवरून कर्जत, तिथून चौक, मग खालापूर. वाटेत मुलांनी टेंपोच्या पाठीवर थापा मारत गाणी म्हटली आणि एक्सप्रेस-वेवरच्या गाड्या दिसू लागल्या तेव्हा खिडकी नसल्याबद्दल बाबांना शिव्या घातल्या. त्यांची पुढारी गौरी. सातवीतली, दोन वेण्या, आणि दर वाक्याला प्रश्न. ‘ताई, त्यो मशीन आमचं ऐकंल का?’ ‘ऐकेल.’ ‘सरांचं ऐकत असंल तर आमचं कशाला ऐकंल?’

परीक्षक बाई टोलनाक्यावरच्या रांगेत अडकल्या होत्या, उशिरा आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, खादीची साडी आणि पायात बूट. त्या कुणाशी फार बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या, खुर्ची मुलांच्या मागे ओढली आणि मला म्हणाल्या, ‘कर सुरू.’ सामंत सर त्यांच्या शेजारी बसले. बाबा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले, चपला बाहेर काढून. आई मुलांच्या बाजूच्या भिंतीला टेकली.

मी पडद्यावर हंडा, कळशी, दोरी-बादलीची विहीर आणि बाजूला भाताचं पान काढून ठेवलं होतं. मुलांना मी आई आणि आत्याची गोष्ट सांगितली. ती खदखदून हसली, कारण आमची आत्या साऱ्या गावाला माहीत. मग मी फळ्यावर एक वेगळंच उदाहरण लिहिलं, ‘जोवर झाडाला आंबे आहेत तोवर एक आंबा उतरव,’ आणि म्हटलं, ‘आता हंडा तुम्ही भरा. तुमच्या शब्दांत सांगा.’ आणि मागे सरकून हात पाठीशी बांधले.

गौरीनं एका बोटानं टाइप केलं. टाइप करताना ती प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत होती, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला.

‘जोवर… हंडा… भरला… नाय… तोवर… कळशी… ओत.’

तिनं बटण दाबलं. काही झालं नाही. हंडा रिकामा, कळशी विहिरीच्या काठावर. तिनं परत दाबलं. काही नाही. दुसऱ्या मशीनवरच्या मुलानं लिहिलं, त्याचीही कळशी हलली नाही. तिसऱ्याची नाही. घरी मी हे वाक्य हजारदा चालवलं होतं. मी गौरीच्या खांद्यावरून वाचलं आणि मला ते दिसलं. सामंत सरांनाही दिसलं. ते उठले, वाकले, ‘नाय’ पुसून तिथे ‘नाही’ लिहिलं आणि बटण दाबलं. कळशी उठली, विहिरीत उतरली, वर आली, हंड्यात रिकामी झाली. पुन्हा. पुन्हा. काठाला पाणी लागलं आणि ती थांबली.

‘बघा,’ सर म्हणाले, परीक्षक बाईंकडे वळून. ‘भाषेत दोष नाही, मी क्रांतीला तेवढं श्रेय देतो. मुलांना शुद्ध लिहिता येत नाही. इंग्रजीतही हेच झालं असतं.’ मग मुलांना, मराठीत, ‘बाळ, ‘नाही’ लिहायचं. चला, सगळ्यांनी ‘नाही’ करा, म्हणजे होईल.’

सर मला वाचवत होते हे मला कळलं. मुलांनी एक अक्षर बदलायचं आणि मी पास. मुलांनी बोटं पुढे केली होती. फक्त गौरी हलली नाही. ती पडद्याकडे बघत होती. मग तिनं मान वळवून मला विचारलं, आणि तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता.

‘पन ताई, मी नाय म्हटलं ना? मग त्यानं हो कसं धरलं?’

तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं बरोबर ओळखलं होतं. हाकेला ‘नाय’ हा शब्द माहीत नव्हता. माझ्या उदार नियमाप्रमाणे हाकेनं तो गुपचूप बाजूला ठेवला होता, आणि उरलं होतं ते वाचलं होतं: ‘जोवर हंडा भरला तोवर कळशी ओत.’ हंडा तर रिकामा होता, म्हणून हाक हात बांधून उभी राहिली. एका मुलीनं नाय म्हटलं होतं आणि माझ्या यंत्रानं ते न ऐकता, न विचारता, हो करून टाकलं होतं. मी दाराकडे पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर मला आमच्या पडवीतली माणसं दिसली. ‘आमी नाय म्हटलं हुतं, तरी जमिनीच्या कागदावर संमती कशी आली?’ असं विचारत आलेली. त्यांच्यासाठी बाबांनी पत्रकं छापली होती. मी गठ्ठे लावले होते.

मी म्हटलं, ‘सर, मुलं काही बदलणार नाहीत. भाषा बदलेल.’

‘म्हणजे?’

‘आत्ता बदलते. इथेच.’

सर उभेच राहिले. ‘सादर केलेला प्रकल्प परीक्षेत बदलता येत नाही, क्रांती. अगं, पास होतेयस तू! एक अक्षर आहे.’

‘एक अक्षर आहे म्हणूनच.’

‘मॅडम,’ सर बाईंकडे वळले, ‘हिला जरा सांगा.’

परीक्षक बाई पहिल्यांदा हसल्या, ओठांच्या एका कोपऱ्यातून. मला म्हणाल्या, ‘मी थांबवणार नाही. पण समजून घे. मोडलेल्या गोष्टीला मी गुण देऊ शकत नाही. चालत असलेली भाषा तू माझ्यासमोर उघडणार, आणि परत जुळली नाही तर आत्ता जे चाललं तेही धरणार नाही. मान्य?’

मी उत्तर द्यायच्या आधी दारातून आवाज आला.

‘घाल गं! तिचं नाय आत घाल!’

बाबा. सगळ्या कॉलेजसमोर, गावच्या भाषेत. आईनं भिंतीला टेकूनच त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचं वाक्य गिळून गेले.

मी बसले. हाकेचं पोट उघडलं, जिथे ती शब्द ओळखते तो भाग काढला. मी मुद्दाम सावकाश टाइप केलं. ‘नाही’च्या शेजारी ‘नाय’ बसवला. मग ‘न्हाय’. मग गौरीला विचारलं, ‘आणखी कसं म्हणता?’ आणि मुलांनी एकदम कल्ला केला. जवर, तवर, जंवर, तंवर. ‘पुढं’ अनुस्वारासकट. आई मागून म्हणाली, ‘नगं बी घाल.’ मी घातला.

‘थांब,’ परीक्षक बाई म्हणाल्या. खुर्ची अगदी माझ्याजवळ आली होती. ‘आता मी लिहिलं, जोवर नायलॉनची दोरी आहे तोवर बादली ओढ. तुझी हाक नायलॉनमधला नाय काढून घेईल आणि दोरी नाही असं समजेल. काय करशील?’

सामंत सरांच्या चेहऱ्यावर ‘मेली’ असं लिहिलेलं मला दिसलं. पण ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. हाक शब्दाचे तुकडे करत नाही, दोन बाजूंच्या मोकळ्या जागांमधला पुरा शब्द घेते. ‘लिहून बघा ना,’ मी म्हटलं. बाईंनी खरंच लिहिलं. नायलॉन तसाच राहिला, दोरी राहिली, बादली वर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

‘बरं. आणि उद्या गौरीनं मला न सुचलेला, तुला न सुचलेला शब्द वापरला तर?’

मी त्या उदार नियमाकडे पाहिलं. मला तो जितका आवडला होता तितक्याच वेगानं मी तो खोडला. त्या जागी लिहिलं की अटीत अनोळखी शब्द आला, तर हाकेनं काम सुरू करायचं नाही आणि खेकसायचंही नाही. विचारायचं. पडद्यावर वाक्य यायचं, ‘हा शब्द मला कळला नाही. म्हणजे काय गं?’

‘मुलगा बसला तर?’ बाईंनी विचारलं.

‘म्हणजे काय रं,’ गौरी म्हणाली. बाई मोठ्यानं हसल्या, आणि मी दोन्ही लिहिले.

सगळं परत जुळवलं. बटण गौरीकडे दिलं. तिनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, आणि ‘नाय’ला पोचली तेव्हा बोट इतक्या जोरात मारलं की मला बटणाची काळजी वाटली. ‘जवर हंडा भरला नाय तवर कळशी ओत.’

कळशी उठली.

दर खेपेला मुलं ‘वत!’ म्हणत होती. बाबाही म्हणत होते. हंडा काठोकाठ भरला, कळशी थांबली, आणि त्या क्षणी मला जे वाटलं त्याला अजून शब्द सापडलेला नाही. मी पुष्कळ लिहिलंय, सभा गाजवल्यात, माझ्या लेखांवर माणसं चिडलीत आणि माझ्या गळ्यातही पडलीत. पण यंत्रानं एका सातवीतल्या मुलीचं ‘नाय’ ऐकून हंडा भरला, त्या आनंदाच्या जवळ जाणारं पुढे काही घडलं नाही. मी आतल्या आत ओरडत होते. बाहेर मात्र फक्त कपाळावरचा घाम पुसला.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद सामंत सरांकडे सरकवला. सरांनी तो वाचला, चष्मा काढला, परत लावला, परत वाचला. मग मला म्हणाले, चक्क मराठीत, ‘पैकीच्या पैकी मिळालेत तुला.’ आई पुढे आली आणि तिनं माझ्या पाठीवर अशी थाप दिली की भाकरी असती तर एका थापेत पुरी गोल झाली असती. बाबा दारातून आत आले नाहीत. ते खिशातला रुमाल शोधत होते आणि तो त्यांच्या हातातच होता.

मुलांना ह्या कशाशी घेणं नव्हतं. मशीनं त्यांच्या ताब्यात होती. एकानं हंड्याऐवजी विहीरच उपसायला घेतली होती. दोघी आत्याचा लूप लिहून एकमेकींना न संपणारा भात वाढत होत्या. गौरीनं अट कशीही फिरवली तरी कळशी आपलं ऐकते का हे तपासायचा चंग बांधला होता. बाहेर पुढच्या बॅचची मुलं वाचनालयं आणि हजेऱ्या घेऊन उभी होती, दारातून आत डोकावत होती. सामंत सरांनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि विचारलं, ‘झालं का मुलांनो?’

‘नाय!’

सर थांबले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, ‘आता झालं?’

‘नाय!’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीशी बांधून उभी होते. मग सरांनी बाहेरच्या बॅचला हातानं बसायची खूण केली, स्वतः एक स्टूल ओढून गौरीच्या शेजारी घेतलं आणि विचारलं, ‘बरं, मला सांग, हे जवर म्हणजे नक्की कुठे लिहायचं?’